शानदोंगात नसलेली एक प्रथा

मी मासा उलटा केला.

एवढाच गुन्हा. ताटातला, वाफवलेला, अख्खा हामूर. वरची बाजू संपत आली होती, खालची तशीच होती, आणि मी मालवणचा. मी दोन चमचे खाली सारले, मनगटाला एक झोकदार हिसका दिला आणि मासा असा अलगद पालथा केला की शेपटीचं टोकसुद्धा मोडलं नाही. मग पोटाकडचा सगळ्यात मऊ तुकडा काढून शेजारी बसलेल्या लिनच्या वाडग्यात ठेवला. लिन दक्षिण चीनमधल्या फूच्येनच्या किनाऱ्यावरची. तिचा नवरा तेव्हा एका जुन्या मालवाहू जहाजावर होता, आणि त्या जहाजाचा बरेच दिवस निरोप नव्हता. तिच्या गावात ज्या घरातलं माणूस समुद्रावर असतं, त्या घरी मासा उलटा करत नाहीत. मासा उलटला की बोट उलटते.

यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच ठाऊक होतं की मनगटाचा हिसका फार सुरेख जमला आहे.

हे आता आठवायचं कारण म्हणजे हवा. मस्कतच्या उन्हाळ्याबद्दल न बोललेलंच बरं. वर्षाचा मोठा भाग आम्ही घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात असे, फ्रीजमधल्या भाजीसारखे, एका थंड कप्प्यातून दुसऱ्या थंड कप्प्यात जात असतो. आणि मग एका सकाळी अल् खुवैरच्या सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली असते, आतला माणूस कोपर बाहेर काढून बसलेला असतो. ती आमची थंडीची पहिली वर्दी. मदिनत सुलतान काबूसमधली शाळेची पोरं स्वेटर चढवतात आणि पुण्याहून आलेला पाहुणा त्यांच्याकडे बघून पोट धरून हसतो. संध्याकाळी किनाऱ्यावर कोळशावर भाजणाऱ्या मांसाचा खमंग धूर पसरतो. माणसं उगाचच पायी चालू लागतात. आणि उत्तरेकडून वारा सुटतो. इथले कोळी त्याला शमाल म्हणतात. हा वारा मला पूर्वी फार आवडायचा, गॅलरीत उभं राहून मी तो छातीवर घ्यायचो. आता तो सुटला की आधी समुद्राकडे बघतो.

काल आमच्या इमारतीखालच्या चिनी दुकानात लाल कंदील लागले. म्हणजे त्यांचं नवं वर्ष आलं. भाजी घेऊन परतताना मी जरा रेंगाळलो, तर मीनल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "यंदा कुणी जेवायला बोलावलं तर हात खिशात ठेवून जेवायचं बरं का, अहो."

मीनल पुण्याची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा बाहेर खातात. तिच्याकडून मासे खायच्या रीतीभातींवर बोलणी खावी लागणं, हे एखाद्या मालवणी माणसाच्या नशिबी येऊ नये.

तर झालं होतं असं. निझव्याच्या पुढे मोकळ्या माळावर सौरऊर्जेचा एक मोठा प्रकल्प उभा राहत होता. बांधणारे चिनी, तपासणारे आम्ही. मी एका सल्लागार कंपनीत विजेचा इंजिनिअर. ऑफिस अल् खुवैरला, पण आठवड्यातले बरेच दिवस साइटवर. तोवर माझ्या लेखी चीन म्हणजे एकच एक मोठी वाडी होती, आणि तीत राहणारे सगळे एकाच आईची लेकरं. शिस्तीचे, कामसू, आणि गप्प. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मी मोठ्या समंजसपणे म्हणालो, "तुम्ही चिनी लोक फार कमी बोलता, नाही का?" समोर गुओ बसला होता. क्रेनचा मुकादम, दरवाजात मावेल न मावेल असा माणूस. त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो बोलत राहिला. त्यात त्याच्या गावची नदी गोठते कशी, गोठलेल्या नदीवरून ट्रक जातात कसे आणि त्याच्या आजोबांनी अस्वलाला शिव्या देऊन कसं पळवून लावलं, हे सगळं आलं. लिन दुभाष्याचं काम करायची. ती भाषांतर करून दमली, पण गुओ दमला नाही.

शेवटी लाओ फंग हसून म्हणाले, "तो ईशान्येचा आहे. तिकडे हिवाळा मोठा असतो. घरात बसून दुसरं करायचं काय? बोलतात." लाओ म्हणजे वयाने मोठ्या माणसाच्या आडनावामागे लावायचा शब्द, आपल्या अण्णा-तात्यांसारखा. लाओ फंग साइटचे प्रमुख होते, पन्नाशी ओलांडलेले, उंच, ताठ, आणि शानदोंग प्रांताचे.

"आणि शानदोंगचे?" मी विचारलं.

उत्तर गुओने दिलं. "शानदोंगचा माणूस तुम्हाला जेवू घालून मारतो. यल्ला, खा."

त्या दिवसापासून मला नाद लागला. कुठल्या प्रांताचा माणूस कसा, हे विचारत सुटलो. आणि माझ्या लक्षात यायला लागलं की हे सगळं मला आधीपासूनच माहीत आहे, फक्त नावं वेगळी आहेत. लाओ फंग कच्च्या कांद्याची लांबलचक पात पातळ पोळीत गुंडाळून, वर काळपट तिखटसर चटणी फासून खात. बघताना डोळ्यांत पाणी यायचं, थोडं कांद्यामुळे आणि थोडं आपल्या देशावरच्या भाकरी-ठेच्यामुळे. स्वयंपाकघरातला तांग सिच्वानचा, जिथे मिरची ही भाजीत घालत नाहीत, मिरचीत भाजी घालतात. तो जीभही तशीच चालवायचा. गुओ म्हणजे अस्सल वऱ्हाडी, ओळख व्हायच्या आधीच गळ्यात हात आणि "जेवल्याशिवाय जायचं नाही." आणि लिन? लिन आमच्या कोकणची. किनारा, मासळी, घरातला एक तरी माणूस परदेशी किंवा जहाजावर, घराच्या कोपऱ्यात समुद्रदेवीची मूर्ती, आणि बोटभर कपातून प्यायचा चहा. ती बोलायची कमी, आणि जे बोलायची ते बहुधा दुसऱ्याचं असायचं. दुभाष्याचा धंदाच तसा. पण मी त्यावरही सिद्धांत बांधला होता. फूच्येनची माणसं समुद्रासारखी, वरून शांत, आत काय चाललंय त्याचा थांग नाही.

हा नकाशा मी मराठी मंडळातही रंगवून सांगायचो. एकदा मीनल सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना महाराष्ट्र कणकवलीपर्यंतच माहीत आहे, आणि चीन सांगतायत."

त्या थंडीत संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा साइटवर नेला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचं लिनने भाषांतर केलं आणि सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. मला वाटलं, माझ्या टोपीला काही झालं. काही दिवसांनी कळलं. नव्या वर्षाआधी त्यांचा चुलीचा देव स्वर्गात जातो आणि या घरात वर्षभर कोण कसं वागलं, याची वर चुगली करतो. म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला चिकट, तीळ लावलेली मिठाई फासतात. तोंड गोड झालं तर तो गोड बोलेल, आणि नाहीच झालं तर निदान दात चिकटून बसतील.

"तुमच्याकडे माणसांना देतात, आमच्याकडे देवाला," लाओ फंग म्हणाले.

"माणसांनाच द्यायला हवी," तांग म्हणाला. "देव वर्षातून एकदाच चुगली करतो."

मग ही मिठाई कुठल्या तिथीला द्यायची यावर लाओ फंग आणि लिन यांच्यात जुंपली. उत्तरेचे लोक एक दिवस आधी देतात, दक्षिणेचे नंतर. दोघंही इतक्या अदबीने भांडत होते की मला आधी वाटलं, ते एकमेकांचे आभार मानतायत. मला आठवली ती आमच्याकडची भांडणं, पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर, आणि वाटलं, देश कितीही मोठा असो, माणूस भांडतो ते आपल्या आईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच.

नववर्षाच्या आदल्या दिवशीची मेजवानी त्यांनी कॅम्पवर ठेवली. तीही दुपार कलता कलता, कारण तिकडे घड्याळ आपल्या पुढे, आणि घरची माणसं ज्या वेळी टेबलाशी बसतात त्याच वेळी यांनाही बसायचं होतं. भिंतीला टेकून मोबाइल उभे केले होते. प्रत्येकात एक घर. एकात बर्फ, एकात फटाक्यांचा धूर, एकात कुणाची तरी आजी कॅमेऱ्याच्या इतकी जवळ की नुसतं कपाळ दिसत होतं. लिनचा मोबाइल मात्र तिच्या हाताशी, वाडग्याजवळ ठेवलेला, आणि पडदा बंद. मी मनात म्हटलं, बघा, फूच्येनची माणसं किती भिडस्त.

लाओ फंगनी मला आणि मीनलला हाताला धरून बसवलं. शानदोंगमध्ये कुणी कुठे बसायचं याचं शास्त्र आहे. यजमान दाराकडे तोंड करून, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला, आणि मग बाकीचे मानाने. मीनलसाठी तांगने वेगळ्या कढईत वेगळे पदार्थ केले होते आणि प्रत्येक ताट ठेवताना तो तिला बजावत होता, "यात कुणीही मेलेलं नाही." शेवटी मासा आला. लाओ फंगनी ताट हलकेच फिरवलं आणि माशाचं तोंड माझ्याकडे केलं.

आता, शानदोंगमध्ये माशाचं तोंड ज्याच्याकडे, तो मानाचा पाहुणा, आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी माशाला हात लावत नाही. एवढंच करायचं असतं. एक घास. मला वाटलं, मालवणचा माणूस म्हणून मला मासा वाढायचा मान दिला आहे.

मग काय! मी उभाच राहिलो. बाह्या सरसावल्या. वाढता वाढता मी माझ्या मावशीची गोष्ट सुरू केली. ती तिरफळं घालून कालवण करायची तेव्हा वास कसा आधी माडाच्या शेंड्याला लागायचा आणि मग खाली उतरायचा. ती कशी म्हणायची, "माशाची एक बाजू खावन दुसरी टाकणारो माणूस अर्धोच जेवलेलो." हे वाक्य म्हणता म्हणताच मी तो हिसका दिला. आणि तो तुकडा लिनच्या वाडग्यात ठेवून म्हटलं, "हा खास किनाऱ्यावरच्या पाहुणीला."

लिनने तुकड्याकडे बघितलं. मग तो उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली.

त्याच क्षणी गुओच्या हातातला काचेचा पेला फरशीवर पडून फुटला. टेबलावर फक्त संत्र्याचा रस होता, त्यामुळे "चढली" म्हणायचीही सोय नव्हती. पेला फुटताच सगळे एका सुरात काहीतरी ओरडले, पुन्हा ओरडले. भिंतीवरच्या मोबाइलमधली घरंही ओरडली. "काही फुटलं की आम्ही 'सुखरूप, सुखरूप' म्हणतो," असं लाओ फंगनी मला आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी गुओच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "क्रेन चालवतोस आणि पेला धरता येत नाही?" गुओ खो खो हसला. म्हणाला, "हात मोठा, पेला छोटा. खलास."

मग लाओ फंग उठले. दोन्ही हातांनी, एखादं पूजेचं ताट धरावं तसं धरून त्यांनी मासा पुन्हा सुलटा केला. सावकाश, अगदी सरळ. आणि मला म्हणाले, "शानदोंगची प्रथा आहे. पाहुण्याने उलटलेला मासा यजमानाने सुलटा करायचा. दोघांचं आयुष्य वाढतं."

मी भारावलो. "काय प्रथा आहे!" मीनलला म्हटलं. तिनेही मान डोलावली.

तेवढ्यात तांग आला, "गार झाला" म्हणून ते ताट उचलून घेऊन गेला आणि दुसरा अख्खा मासा आणून मधोमध ठेवला. त्याला कुणी हात लावेना. मी दोनचार वेळा "घ्या ना, संकोच कसला" म्हणालो. कुणी घेतला नाही. मी मनात टिपून ठेवलं, चिनी लोकांची भूक मर्यादित.

निघताना लाओ फंग नेहमीप्रमाणे गाडीपर्यंत आले. शानदोंगचा माणूस दारात निरोप देत नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो माळावर हात हलवत उभा होता. मागे सूर्य बुडत होता आणि हजारो काचेच्या पट्ट्यांवर तांबूस उजेड पसरला होता. मला वाटलं, आपण एखाद्या फार जुन्या, फार सुसंस्कृत गोष्टीत जेवून आलो.

ते खरंच होतं. फक्त ती गोष्ट मला वाटली ती नव्हती.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण आता लपवून तरी काय उपयोग? मी ही शानदोंगची प्रथा सगळीकडे पसरवली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. एका घरगुती जेवणात तर मी यजमानांना पापलेट सुलटं करायला लावलं आणि "दोघांचं आयुष्य वाढतं" असा आशीर्वादही देऊन टाकला. एका जोशीकाकूंनी विचारलं, "मग आम्ही शाकाहाऱ्यांनी काय उलटायचं?" मी त्यांना थालीपीठ सुचवलं.

पुढच्या आठवड्यात साइटवर गेलो तेव्हा सरळ स्वयंपाकघरात शिरलो, तांगचं कौतुक करायला. तो कढईसमोर उभा होता. मी म्हटलं, "तुमच्या शानदोंगवाल्यांची ती मासा सुलटा करायची प्रथा, वा! किती खोल अर्थ आहे."

तांगने डाव थांबवला. सिच्वानचा माणूस तिखट आत ठेवू शकत नाही.

"अशी कुठलीही प्रथा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लाओ फंगनी तिथल्या तिथे बनवली. तुझ्यासाठी."

मग त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला सगळं सांगितलं, कांदा चिरावा तसं, भराभर आणि डोळ्यांत पाणी आणणारं. लिनचा नवरा. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून ओमानकडे निघालेलं जहाज. खवळलेला समुद्र. जहाजाच्या कंपनीत फोन लावावा तर चीनमध्ये सुट्टी, सगळी ऑफिसं बंद, घंटी वाजत राहते आणि कुणी उचलत नाही. आणि मासा.

"आम्ही सिच्वानमध्ये मासा उलटा करतो, आडवा करतो, मिरचीत बुडवतो," तांग म्हणाला. "समुद्र आमच्यापासून लांब. पण ती टेबलाशी असली की कुणीही उलटा करत नाही. लाओ फंग, गुओ, कुणीच नाही. ती आल्यापासून."

"आणि गुओचा पेला?"

"पाडला. सगळ्यांनी 'सुखरूप' म्हणावं म्हणून."

"दुसरा मासा?"

"तो दुसऱ्या दिवसासाठी होता. वर्षाअखेरीला मासा टेबलावर अख्खा राहायला हवा, म्हणजे नव्या वर्षात काही कमी पडत नाही. तू 'घ्या ना' म्हणत होतास." त्याने पुन्हा डाव हातात घेतला. "आता बाहेर हो, तेल उडेल."

मी बाहेर आलो आणि कुठल्याशा खोक्यावर बसून राहिलो. उत्तरेचा वारा सुटला होता.

मला पुन्हा पुन्हा दिसत होते ते लाओ फंगचे दोन हात. हा माणूस कंत्राटदाराचा असूनही आम्ही तपासायच्या आधी स्वतःची चूक स्वतः दाखवायचा. "हे चुकलंय. उद्या या." खोटं बोलणं त्याला जमत नाही, अशी साइटवर ख्याती होती. आणि त्याच माणसाने डोळ्याची पापणी लवते न लवते तोच एक संपूर्ण खोटी प्रथा रचली, तिला अर्थ दिला आणि वर प्रांताचं नावही लावलं. एका वाक्यात त्याने पाहुण्याची लाज राखली आणि त्या मुलीची बोट सुलटी केली. आणि कुणीही कुणाला खूण केली नव्हती. बर्फातला एक, मिरचीतला एक, कांद्याच्या रानातला एक. तिघांपैकी एकाचाही त्या समजुतीवर विश्वास नव्हता. पण तिचा होता, एवढं त्यांना पुरलं. मी कोकणातला. निघालेल्या माणसाला "कुठे" विचारायचं नाही, हे माझ्या आजोळी शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याला कळायला हवं होतं, तो मनगटाचे हिसके देत होता, आणि ज्यांनी समुद्र मोठेपणी पाहिला, ते बोट सावरत होते.

घरी येऊन मीनलला सांगितलं. ती हसली नाही, आणि तेच जास्त लागलं. मग म्हणाली, "ग्रुपवर काय टाकणार आता?"

"ते राहू दे. लिनला काय सांगू?"

"आत्ता काही सांगू नका. तुम्ही माफी मागायला गेलात तर तिलाच तुमची समजूत घालावी लागेल. जहाज येऊ दे."

जहाज येऊ दे. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मासळीवरून माझं मन उडालं. ऑफिसात लिन समोर यायची, कुणाचं तरी म्हणणं कुणाला तरी नीट समजावून सांगायची, आणि मधेच मोबाइल उलटा करून बघायची. मी तिच्याशी इतक्या काळजीने वागू लागलो की एकदा तिने विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी शुक्रवारी सकाळी मी आमच्या पद्धतीने करायचं ते केलं. एक नारळ घेतला, मीनलला घेतलं आणि कुरुमच्या किनाऱ्यावर गेलो. हात जोडले, नारळ पाण्यात टाकला. लाटेने तो परत आणून माझ्या पायाशी ठेवला. मी जरा पुढे जाऊन टाकला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी पँट गुडघ्यापर्यंत ओली करून फेकला, आणि तो माझ्यापेक्षा आधी किनाऱ्याला लागला.

वाळूवर ओढलेल्या बोटीजवळ एक म्हातारा ओमानी कोळी जाळं आवरत होता. त्याने बराच वेळ बघितलं आणि मग हिंदीत विचारलं, "खराब है क्या?"

"नाही. समुद्राला दिलाय."

"समुद्राला नको आहे."

मी त्याला सांगितलं, एका बाईचा नवरा जहाजावर आहे, निरोप नाही. तो हसला नाही. त्याने माझ्या हातातला नारळ घेतला, अंगावरच्या कापडाने पुसला आणि बोटीत, जाळ्यावर, नीट ठेवला. "लाटेच्या पलीकडे सोडतो," म्हणाला. "इन्शाल्ला, येईल तो." बोट पाण्यात ढकलून तो निघून गेला. हा कुठल्या धर्माचा विधी, हे त्याने मला विचारलं नाही. त्याच्या धर्मात हे बसतं की नाही, हे मीही त्याला विचारलं नाही. वारा जोरात होता आणि बोट प्रत्येक लाटेवर वर जाऊन खाली येत होती. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होतो, शानदोंगवाल्यासारखे.

बातमी आली ती गुओच्या फोनवरून. तो इतक्या जोरात ओरडत होता की शब्द एकही कळेना, पण असं माणूस वाईट बातमीला ओरडत नाही. इंजिन बिघडलं होतं, वीज गेली होती, संपर्काचं यंत्र बंद. जहाज कसंबसं सलालाच्या बाजूला लागलं होतं, सगळी माणसं सुखरूप, आणि लिनच्या नवऱ्याला थोडे दिवस सुट्टी. मी ऑफिसात खुर्चीवर बसून ढसाढसा रडलो. आमच्या साहेबांना वाटलं, माझा व्हिसा रद्द झाला.

लिनचं घर अल् खुवैरलाच, आमच्यापासून दोन इमारती पलीकडे. नवरा आल्यावर तिने आम्हाला चहाला बोलावलं. मी माफीचं भाषण तयार केलं होतं, घरी मीनलसमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण आत गेलो तर तिचा नवरा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेला. उन्हाने रापलेला, सडपातळ माणूस. एका हातात बोटभर कप, तसाच. जमिनीवरची झोप, लिन म्हणाली, ती अशीच कुठेही येते. कोपऱ्यात समुद्रदेवीपुढे उदबत्ती जळत होती. लाओ फंगही आले होते, अंग चोरून खुर्चीच्या टोकावर बसलेले. आम्ही सगळे कुजबुजत बोलत होतो.

मी कुजबुजतच भाषण केलं. मासा, माझं अज्ञान, माझी मावशी. लाओ फंगना म्हटलं, त्या खोट्या प्रथेसाठी मी तुमचा जन्माचा ऋणी. ते लाजून कपात बघत राहिले. लिन ऐकत होती, कप भरत होती, रिकामा झाला की पुन्हा भरत होती. तिचा चेहरा नेहमीसारखा शांत. आणि मला राहवलं नाही. माझा नकाशा अजून शाबूत होता.

"लिन," मी म्हटलं, "लाओ फंगनी प्रथा रचली, गुओने पेला फोडला, ते मला कळलं. पण तू? तू एक शब्द बोलली नाहीस. तो तुकडासुद्धा खाल्लास. हा संयम येतो कुठून? फूच्येनच्या समुद्राकडूनच ना?"

तिने नवऱ्याच्या बोटांतून कलंडत चाललेला कप अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला.

"तुकडा खाल्ला, कारण तोंड भरलेलं असलं की रडता येत नाही," ती म्हणाली. "आणि संयम कसला? मी 'थांबा' म्हणाले. लाओ फंगही म्हणाले. तुमच्या मावशींचं कालवण उकळत होतं. तुम्ही बोलायचे थांबलात तेव्हा मासा उलटून झाला होता."